गळक्या नळाची पाणथळ जागा

बाळांनो, जरा डोळे मिटा बघू. थांबा, थांबा. डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तर डोळे राहू देत उघडे, फक्त कान तेवढे मनातल्या मनात एका अंगणात नेऊन ठेवा. अंगण लहानसंच आहे. एका बाजूला कपडे वाळत घालायची दोरी, दुसऱ्या बाजूला हवा गेलेली सायकल आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक नळ. ऐकू येतंय? टप्. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की वाटावं, थांबला वाटतं एकदाचा. आणि नेमकं तेव्हाच पुन्हा, टप्.

हा नळ कधीपासून गळत होता, याबद्दल घरात दोन मतं होती. आजीच्या मते तो त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या आधीपासून गळत होता. आजोबांच्या मते तो गळत नव्हताच, फक्त "थोडा पाझरत" होता. आजोबांनी सारा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. त्यामुळे गळणं, पाझरणं, झिरपणं आणि ठिबकणं यांतला फरक त्यांना नीट ठाऊक होता, आणि कुणी विचारलं नाही तरी ते तो समजावून सांगत. नळ दुरुस्त करणं तेवढं राहून जाई.

नळाखाली एक डबकं साचलं होतं. कडेने हिरवंगार शेवाळं, त्यात चार-दोन लव्हाळ्याच्या काड्या. या काड्या कुठून आल्या, हेही उघड होतं. मागच्या भिंतीला पाणी जायला एक भोक होतं आणि त्या भोकापलीकडे खरीखुरी दलदल होती. नजर पोचेल तिथपर्यंत लव्हाळे, मधून मधून पाण्याचे आरसे, सकाळी बगळे आणि दिवसभर कुरकुरणाऱ्या पाणकोंबड्या. दलदलीच्या पलीकडच्या काठावर मात्र रोज एक डंपर यायचा, पाठीमागे सरकताना पीं पीं ओरडायचा आणि फुटक्या विटांचा, सिमेंटच्या ढेपळांचा राडारोडा ओतून निघून जायचा. त्यामुळे पलीकडचा काठ दर महिन्याला थोडा थोडा अलीकडे येत होता. त्याचं काय करायचं हे बघायला नगरपालिकेने एक पाणथळ समिती नेमली होती, आणि आजोबा त्या समितीचे सदस्य होते.

समितीत खरं तर पाच जण असायला हवे होते. त्यांतल्या दोन खुर्च्या पहिल्यापासूनच रिकाम्या होत्या, कारण संध्याकाळी चहाविना चालणाऱ्या बैठकीला यायला कुणी तयार नव्हतं. उरले तिघं. अध्यक्षबाई, ज्यांचं बाजारात शिवणाचं दुकान होतं. दातांचे डॉक्टर. आणि आजोबा. पहिल्याच बैठकीत गाडं अडलं होतं, ते पाणथळ जागा म्हणायचं कशाला यावर. बराच वेळ नुसता काथ्याकूट झाला. आता, ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले आणि स्वतःच उत्तरं दिली, त्याच्यासमोर एखादा प्रश्न असा उघड्यावर पडलेला राहील का? आजोबा उठले, खिशातून खडू काढला (हो, निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात खडू असायचा) आणि फळ्यावर लिहिलं:

"जिथे पाणी साचून राहतं, जिथे पाण्यातली झाडं उगवतात आणि जिथे पाण्यात जन्मणारे जीव जन्म घेतात, ती पाणथळ जागा. मग ती कुणाचीही असो, केवढीही असो आणि कशानेही झालेली असो."

शेवटच्या वाक्याची खरं तर गरज नव्हती. पण व्याख्येला शेवटी एक ठसका लागतो, असं आजोबांचं मत होतं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्या मंजूर झाली. त्याखाली नियमही झाला, की पाणथळ जागेतलं पाणी कमी होईल असं कुठलंही काम समितीच्या परवानगीशिवाय करायचं नाही. घरी येऊन आजोबांनी ती व्याख्या आजीला म्हणून दाखवली. आजी म्हणाली, "छान आहे. आणि नळ?"

सुट्टीत नात आली. ती एका जागी कधी उभी राहत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आजोबांनी पहिल्याच दिवशी तिच्याकडून ती व्याख्या तोंडपाठ करून घेतली. तिला ती आवडलीही, कारण शेवटचं वाक्य म्हणताना हात फिरवता यायचा.

दुसऱ्या दिवशी आजी अंगणात शेवाळ्यावरून घसरली. पडली नाही, दोरी धरून सावरली, पण त्या झटक्यात दोरीचा खांब वाकला आणि धुतलेल्या चादरी डबक्यात गेल्या. चादरी पिळत पिळत तिने आजोबांकडे नुसतं पाहिलं. तासाभरात प्लंबर दारात उभा होता.

प्लंबर आला की शेजारच्या भिंतीवर सल्लागारकाकांचं डोकं उगवणार, हे ठरलेलं. सल्लागारकाका कशाचे सल्लागार होते हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सल्ला मात्र ते कशावरही देत.

"अहो सर, प्लंबर कशाला बोलावलात? फडकं बांधायचं. ओलं फडकं. माझ्या मेहुण्याने बांधलं होतं."

"मग थांबलं पाणी?" प्लंबरने विचारलं.

"पाणी नाही थांबलं. आवाज थांबला. आवाजाचाच तर त्रास असतो."

प्लंबर हसला. "वायसर गेलाय, सर. चहा गाळून होईपर्यंत काम संपेल." त्याने पाना काढला, नळाला लावला, आणि एवढ्यात अंगणात अशी किंकाळी उठली की काकांचं डोकं भिंतीआड गेलं.

"थांबा! यात पिल्लं आहेत!"

भिंगरी डबक्याच्या काठावर उकिडवी बसली होती. सगळे वाकून बघायला लागले. शेवाळ्यातून काळे, गोल, शेपटीवाले ठिपके इकडून तिकडे पळत होते. बेडूकमासे. भरपूर.

"नळ बंद झाला की हे पाणी आटणार ना, आजोबा?"

"हो, पण..."

"मग ही पाणथळ जागा आहे. पाणी साचून राहतं. लव्हाळा उगवलाय. आणि पाण्यात जन्मणारे जीव जन्म घेतायत." मग तिने उभं राहून, हात फिरवून म्हटलं, "मग ती कुणाचीही असो, केवढीही असो आणि कशानेही झालेली असो!"

टप्, असं नळ म्हणाला.

प्लंबरने पाना पिशवीत ठेवला. "सर, मग समितीची परवानगी आणा आधी. तुमच्याच नियमात माझं लायसन जायचं."

आता आजोबांना सहज म्हणता आलं असतं, "अरे, मुलीचं काय ऐकतोस!" ते शब्द त्यांच्या जिभेवर आलेही होते. पण भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, हट्टानेही नाही. वर्गात पहिल्या बाकावरची पोरं बघतात ना, आता सर पुढचं सांगतील अशा खात्रीने, तशी. आजोबा म्हणाले, "बरोबर आहे तिचं. रीतसर परवानगी काढू."

"अहो, गळक्या नळाला परवानगी?" आजी म्हणाली.

"गळक्या नाही," आजोबा म्हणाले. "पाझरणाऱ्या."

समितीची कचेरी म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीत जिन्याखाली अडकवलेली एक खोली. तिथला कारकून सडपातळ आणि अतिशय नम्र होता. एवढा नम्र, की त्याने नाही म्हटलेलं घरी पोचल्यावर कळायचं.

"सर, अर्जदार म्हणून तुम्ही अर्ज द्यायचा. सदस्यांनी तो दाखल करून घ्यायचा. आज सदस्यांपैकी कोण हजर आहे बरं?" त्याने खोलीत नजर फिरवली. खोलीत आजोबांखेरीज कुणी नव्हतं. "हां, आपणच आहात. मग अर्ज या बाजूने द्या आणि कृपया त्या बाजूला जाऊन घ्या."

आजोबा टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी स्वतःकडून अर्ज घेतला. कारकुनाने मान डोलावली. "आता बैठकीत बघू."

जाता जाता आजोबांनी विचारलं, "आणि मागच्या दलदलीचं काय झालं? त्या डंपरचं?"

"तो विषय आहे ना, सर, विषयपत्रिकेवर. पहिल्यापासून आहे. पण त्याला अर्जदार कुठे आहे? जागेला मालक नाही, ती तीन प्रभागांच्या हद्दीवर पडते, आणि तुम्ही सदस्य असल्यामुळे तुम्हाला अर्ज करता येत नाही."

"मग माझ्या नळासाठी कसा करता आला?"

"नळ तुमचा आहे, सर. दलदल तुमची थोडीच आहे?"



बैठक सुरू झाली. अध्यक्षबाईंच्या गळ्यात शिवणकामाची टेप लोंबत होती. त्या दुकानातून तशाच आल्या होत्या.

"सर, हा विषय तुमचा स्वतःचा आहे. तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या.

आजोबा बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले. आत डॉक्टर म्हणाले, "आता आपण दोघंच उरलो. निदान तिघं असल्याशिवाय निर्णय घेता येत नाही."

"सर, आत या!"

आजोबा आत आले. बसले. अध्यक्षबाईंनी कागद उघडला, वाचला आणि म्हणाल्या, "पण विषय तर तुमचाच आहे."

आजोबा बाहेर गेले. पुन्हा आत आले. पुन्हा बाहेर गेले. जिन्यावरून जाणाऱ्या एका माणसाने त्यांना शिपाई समजून जन्मदाखला कुठे मिळतो ते विचारलं. आजोबांनी सांगितलंही, कारण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं त्यांना जमत नसे.

शेवटी वाट काढली कारकुनाने. "सरांनी आतच बसावं, म्हणजे तिघं होतील. फक्त भिंतीकडे तोंड करून बसावं आणि कानांत बोटं घालावीत. म्हणजे हजरही आहेत आणि चर्चेतही नाहीत."

आणि बाळांनो, ज्या माणसाने गडबड करणाऱ्या कितीतरी पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, तो माणूस आता कचेरीच्या भिंतीवरचा ओलीचा डाग बघत, कानांत बोटं घालून बसला. त्या डागाचा आकार एखाद्या द्वीपकल्पासारखा आहे, एवढं त्यांच्या लक्षात आलं. तेवढाच भूगोलाचा आधार.

मग कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. निर्णय झाला होता. समिती जागेची पाहणी करणार. आणि तोपर्यंत?

"तोपर्यंत जैसे थे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "विषय समितीपुढे आहे, म्हणजे निर्णय होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. नळ जसा गळतोय तसाच गळला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही."

त्या दिवसापासून आजोबा नळाजवळून जाताना अंग चोरून जाऊ लागले. चुकून धक्का लागला आणि थेंब थांबला तर?

पाहणीला समिती आली तेव्हा निम्मी गल्ली अंगणात होती. सल्लागारकाका तर भिंत ओलांडून आत आले होते. "मी सांगतो, बेडूक म्हणजे मागोमाग साप," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "आणि साप म्हणजे मागोमाग मुंगूस. उद्या सरांच्या घरात मुंगसं नांदतील."

डॉक्टरांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, गुडघे टेकले आणि डबक्यात प्रकाश पाडला. "हं. काळजीचं कारण नाही," सवयीने ते म्हणाले, "पण दुर्लक्ष करून चालणार नाही." अध्यक्षबाईंनी गळ्यातली टेप काढून डबक्याचं माप घेतलं. लांबी घेतली, रुंदी घेतली आणि हात थांबायच्या आत घेरही घेतला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पीं पीं सुरू झालं. मग धाडधाड आवाज. धुळीचा एक लोट भिंतीवरून आत आला. कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येईना.

"जरा तो आवाज थांबू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कशाचा आवाज आहे तो?" भिंगरीने विचारलं.

"राडारोडा टाकतायत दलदलीत."

"मग ती पाणथळ जागा नाहीये का?"

अध्यक्षबाईंनी टेपची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तो विषय वेगळा आहे गं. त्याला अर्जदार नाही."

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "विषयपत्रिकेवर आहे," आणि लगेच त्यांना आपल्याच आवाजाचा कंटाळा आला.

पाहणीचा निकाल असा लागला, की बेडूकमाशांना पाय फुटून ते निघून जाईपर्यंत डबकं संरक्षित. नगरपालिकेने नमुना म्हणून एकच पाटी करून ठेवली होती. मोठी, पत्र्याची, लोखंडी खांबावर बसवलेली: "संरक्षित पाणथळ जागा. येथे माती अथवा राडारोडा टाकू नये. आदेशावरून." एवढे दिवस ती कारकुनाच्या टेबलामागे उभी होती आणि त्याला पाय पसरता येत नव्हते. त्याने ती मोठ्या आनंदाने आजोबांच्या अंगणात आणून रोवली. आजोबांनी भिंगरीला जवळ घेऊन सांगितलं, "ही पाटी जिथे असते ना, तिथे कुणी घमेलंभरसुद्धा माती टाकू शकत नाही." शिकवण्याच्या ओघात हे वाक्य तोंडातून गेलं. तसं ते खरंही होतं.

पाटीपाठोपाठ दोरीही गेली. साबणाचं पाणी ठिबकतं, म्हणून कपडे डबक्यापासून दूर वाळवायचे असं ठरलं, आणि एवढ्याशा अंगणात दूर म्हणजे सल्लागारकाकांचं अंगण.

"माझ्याच अंगणात मी नको, बेडूक चालतात," आजी बादली उचलून निघाली. "लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी अशी पाटी लावली नव्हती."

इथवर सगळं ठीक होतं. पण मग नळाने गळणं थांबवलं.

झालं असं, की गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठी वाहिनी फुटली होती, आणि ती गळती थांबवायला नगरपालिकेने सगळ्या भागाचं पाणी बंद केलं. उन्हाने डबकं आक्रसायला लागलं. कडेचं शेवाळं भेगाळलं. बेडूकमासे मधोमध दाटीवाटीने वळवळू लागले. आजोबा धावत कचेरीत गेले.

"पाणी आमच्या हातात नाही, सर," कारकून नम्रपणे म्हणाला. "ते खातं वेगळं. पण जागेतलं पाणी कमी होऊ न देण्याची जबाबदारी जागेच्या मालकाची. हे आपल्याच नियमात आहे, सर. छान नियम आहे."

मग काय! टँकर यायचा तेव्हा आजोबा रांगेत उभे राहायचे. एक बादली घराला, एक बादली बेडकांना.

"चहाला पाणी नाही," आजी म्हणायची.

"त्यांना चहा नाही, पाणीच आहे," आजोबा म्हणायचे.

पहिली बादली ओतणार तोच काका भिंतीवरून ओरडले, "हां हां, सर! त्यात औषध असतं. एक दिवस उघड्या टबात पाणी ठेवा, मग ओता. माझ्या मेहुण्याचे मासे गेले होते असेच." आणि आश्चर्य म्हणजे काकांच्या सगळ्या सल्ल्यांत हा एक अगदी बरोबर होता. त्यांना स्वतःलाही ते कळलं असावं, कारण त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. बरोबर सल्ल्याचा हा विक्रम त्यांना मोडायचा नव्हता.

टब भरायचा, एक दिवस ठेवायचा, मग भिंगरीने मगाने हळूहळू ओतायचं आणि आजोबांनी पाण्याखाली पानं धरायची, म्हणजे चिखल उसळत नाही. आजोबांची पाठ दुखायची. गल्लीतली पोरं त्यांना बघून "बेडूकसर" म्हणायला लागली. पण एका सकाळी भिंगरी पोटावर झोपून पाण्यात बघत होती आणि अचानक कुजबुजली, "आजोबा, पाय!"

आजोबाही गुडघे टेकून वाकले. शेपटीच्या दोन्ही बाजूंना केसाएवढे बारीक पाय. आजोबांनी चाळीसएक वर्षं हे चित्र शाळेतल्या तक्त्यावर पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते पहिल्यांदाच बघत होते. भिंगरीच्या हे लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण आजोबा एवढा वेळ काहीच समजावून सांगत नव्हते.

मग पुढचे पाय आले. शेपट्या आखूड झाल्या. भिंगरीने डबक्यापासून भिंतीच्या भोकापर्यंत विटांचा उतार लावून दिला, आणि नखाएवढे बेडूक टुणटुण उड्या मारत त्या भोकातून पलीकडे जायला लागले. ती रोज भोकाला डोळा लावून त्यांना बघायची. एके दिवशी ती डोळा न काढता म्हणाली, "तिकडचा विटांचा ढीग खूप जवळ आलाय. ते आता तिथेच राहणार ना, आजोबा? मग त्यांच्याकडे कोण बघणार?"

"विषय..." आजोबांनी सुरुवात केली, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

भिंगरी वाट बघत होती. आजोबा टब घासायला लागले.

शेवटचा बेडूक गेला. नळाला पाणी आलं आणि तो पुन्हा गळायला लागला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. समितीची बैठक झाली. आजोबा सवयीने स्वतःहून भिंतीकडे तोंड करून बसले. डबक्याचं संरक्षण उठलं, प्लंबरला परवानगी मिळाली, आणि पाटी नगरपालिकेत जमा करावी असं ठरलं. कारकून म्हणाला, "घाई नाही, सर. माझे पाय आता बरे आहेत."

प्लंबर आला. त्याने नळ उघडला, जुना वायसर काढला, नवा घातला आणि नळ आवळला. आजीने खरंच आधी चहा ठेवून बघितला होता. तो गाळून व्हायच्या आत काम संपलं.

"झालं?" आजी म्हणाली.

"झालं," प्लंबर म्हणाला.

सगळे नळाकडे बघत उभे राहिले. थेंब आला नाही. अंगणात एवढी शांतता होती की सल्लागारकाकांना करमेना. "काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

"चुकलंय खरं," आजोबा म्हणाले. "पाटी कुठे आहे?"

पाटीच्या जागी एक खड्डा होता. खड्ड्यापासून फाटकापर्यंत जमिनीवर एक लांब ओरखडा गेला होता, जड वस्तू ओढत नेल्यासारखा. त्याच्या बाजूने छोट्या चपलांचे ठसे होते.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. पीं पीं. पीं पीं. मग तो मध्येच थांबला. त्यानंतर नेहमी येणारा धाडधाड आवाज आलाच नाही.

आजोबा स्टुलावर चढले. शेजारच्या स्टुलावर काका चढले. आजीने प्लंबरला बाजूला केलं आणि ती उलट्या टबावर चढली. भिंतीवर तीन डोकी रांगेने उगवली.

दलदलीच्या काठावर, विटांच्या ढिगाच्या अगदी पुढ्यात, पाटी उभी होती. जरा वाकडी होती, पण उभी होती. तिचा खांब दोन्ही हातांनी धरून भिंगरी उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा एका जागी. समोर डंपर. डंपरचा ड्रायव्हर खाली उतरून पाटी वाचत होता.

"ही पाटी इथे कुणी लावली?"

"मी."

"काल नव्हती."

"आज आहे."

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. माणूस तसा भला होता. "बाळ, हे आदेशावरून असं लिहिलंय. पण आदेश कुणाचा? मला मालकाला सांगावं लागेल."

भिंगरीने वळून भिंतीकडे पाहिलं. "ते बघा, समितीचे सदस्य. त्यांना विचारा."

आजोबांच्या डोक्यात एका क्षणात सगळी समिती फिरून गेली. तीन प्रभाग. अर्जदार नाही. पाटी दुसऱ्या जागेची, तीही जमा करायची राहिलेली. खरं बोलायचं तर आदेश नव्हता. आणि खोटं बोलायचं तर समोर भिंगरी होती, पहिल्या बाकावरच्या त्याच नजरेने बघत. शेजारून आजी हळूच म्हणाली, "अहो, बोला की. नळासाठी एवढं बोललात."

आणि आजोबांना आठवलं. ते स्टुलावर ताठ झाले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "ही पाटी इथली नाही, ती चुकून आली आहे. पण या जागेचा विषय समितीपुढे आहे. पहिल्या दिवसापासून आहे. आणि विषय समितीपुढे आहे, म्हणजे निर्णय होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. जैसे थे!"

"म्हणजे?" ड्रायव्हरने विचारलं.

"म्हणजे जशी आहे तशी ठेवायची. घमेलंभरसुद्धा नाही."

"हे खरं आहे का?"

"अहो, त्या नियमावर मी महिनाभर माझ्याच अंगणात उपरी होते," आजी टबावरून कडाडली. "खरं आहे का म्हणे!"

ड्रायव्हरने एकदा पाटीकडे, एकदा तीन डोक्यांकडे पाहिलं. "मला काय," तो म्हणाला, "माल परत नेतो. मालक काय ते बघेल." डंपर भरलेलाच, घरघरत निघून गेला. धूळ बसली. मग कुठेतरी लव्हाळ्यात एक बेडूक ओरडला. आपलाच असेल असं चौघांनाही वाटलं.

"आता तो मालक येईल," काका म्हणाले. "माझं ऐका, सर, आधी निर्णय करून घ्या."

हा काकांचा दुसरा बरोबर सल्ला होता. पण आजोबा सुस्कारा टाकून म्हणाले, "निर्णय कसा होणार? अर्जदारच नाही."

भिंगरीने पाटीचा खांब सोडला. चपला काढून हातात घेतल्या आणि खांबाभोवतीचा चिखल दोन्ही पायांनी दाबून, थयथय नाचून घट्ट केला. पाटी सरळ झाली. मग तिने आजोबांकडे बोट केलं.

"अर्ज मी करते. तुम्ही कचेरीत या आणि भिंतीकडे तोंड करून बसा, आजोबा," ती म्हणाली, "म्हणजे तिघं होतील."

आणि दोन्ही हातांत दोन चपला घेऊन, चिखलाने माखलेल्या पायांनी, ती समितीच्या कचेरीकडे चालायला लागली.